पावणीचा नारळ आणि पौलाची वर्गणी

आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक अहवालांत अमुक एक मंडळी आता स्वावलंबी झाली, असा उल्लेख मोठ्या समाधानाने केलेला असतो. त्या उल्लेखाचा अर्थ मात्र क्वचितच कोणी उलगडून सांगतो. बहुतेक ठिकाणी तो इतकाच असतो की, पाळकाचे वेतन, जागेचे भाडे, विजेचे बिल आणि वरिष्ठ संस्थेकडे पाठवावयाचा ठरीव वाटा एवढी रक्कम मंडळी स्वतः उभी करते. यात गैर काही नाही. परंतु ज्या रीतीने ती रक्कम उभी राहते त्या रीतीने मंडळीचे मंडळीपण वाढते की झिजते, हा प्रश्न जमाखर्चाच्या रकान्यांत बसत नाही, आणि म्हणून तो विचारलाही जात नाही. प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे; विशेषतः लहान मंडळीच्या संदर्भात, कारण मोठ्या मंडळीत जे गर्दीत लपते ते लहान मंडळीत उघडे पडते.

प्रस्तुत लेखकाचा ज्या मंडळीशी संबंध आहे ती वाळपई येथे भाड्याच्या खोलीत जमते. गोव्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी रोमन कॅथलिक आहे. मराठीत उपासना करणारी प्रॉटेस्टंट कुटुंबे मुळात थोडी, आणि सत्तरी, डिचोली या तालुक्यांत त्याहून थोडी. बदलीवर आलेले नोकरदार, परिचारिका, घाटावरून कामासाठी उतरलेले मजूर, मालट्रकचे चालक अशी ही मंडळी आहे. पिसुर्ले-होंडा या बाजूच्या खाणींवर यांतील काहींचा चरितार्थ चालत असे. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी राज्य शासनाच्या व पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या त्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने त्याच वर्षी मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ज्या घराच्या दारात कर्जाऊ ट्रक उभा होता त्या घराचे दानार्पणाचे पाकीट पातळ झाले. कारण सर्वांस ठाऊक होते. पण मंडळीच्या यादीत कारण लिहिण्यास जागा नसते.

मिशनच्या आवारात वाढलेल्या मंडळ्यांची गोष्ट निराळी. पेडण्याच्या सीमेपलीकडे वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय होते, मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या रुग्णालयाभोवती तर ख्रिस्ती वस्तीच उभी राहिली. अशा ठिकाणी नोकरी, शाळा, बिऱ्हाड आणि देवालय ही एकाच फाटकाच्या आत असत, आणि देवालयाचे छप्पर गळले तर कोणाकडे जावयाचे हे ठरलेले असे. आमच्या मंडळीमागे असे आवार नाही. परकीय देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीमुळे एका संस्थेने घेतलेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थांतून लहान मंडळ्यांपर्यंत झिरपणारा उरलासुरला ओघही बंद झाला. म्हणजे जे काही उभे राहावयाचे ते आपसांतूनच. येथून आमच्या प्रश्नाला प्रारंभ होतो.

स्वावलंबनाचे हे माप आपल्याकडे आले कोठून, हे आधी पाहावे लागेल. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याची त्यांनी कसून तपासणी केली. इंग्रजी शाळांवरील भर कमी करावा, खेडोपाडी देशी भाषेत चालणाऱ्या मंडळ्या स्थापाव्यात, त्यांवर देशी पाळक नेमावेत आणि त्या पाळकांचे वेतन त्यांच्या लोकांना झेपेल असे असावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच काळात अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांची पाळकपदावर दीक्षा झाली. स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार ही त्रयी अँडरसन आणि इंग्लंडातील चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन यांच्या नावाने आपण आजही शिकवितो.

अँडरसन यांची मूळ दृष्टी सरळ होती, आणि तिच्याविषयी प्रस्तुत लेखकास आदरच आहे. मिशनरी हा परका आहे व त्याने एके दिवशी निघून जावयाचे आहे, हे त्यांना त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांपेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते. पण तत्त्व अमलात येताना त्याचे गणित झाले. पाळकाच्या वेतनात मिशनचा वाटा किती उरला, यावरून मंडळीची आध्यात्मिक वाढ मोजली जाऊ लागली. ज्यांच्याकडून ही रोकड अपेक्षित होती ते खेड्यांतील ख्रिस्ती बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेले. त्यांची कमाई बलुत्याच्या धान्याची, आणि तेही गावकीच्या मर्जीवर अवलंबून. रुपयांत मोजलेले स्वावलंबन धान्यावर जगणाऱ्या माणसांवर घातले गेले. त्रयीतील तिसरे अंग, म्हणजे स्वप्रसार, हे या हिशेबात बहुधा मागेच पडले. जी मंडळी आपला खर्च आपण भागविते पण आपल्या कुंपणाबाहेर एक पैसाही धाडीत नाही, तीही अहवालात स्वावलंबी ठरते.

हे माप अपुरे आहे असे ज्यांना वाटले त्यांत दोन नावे येथे पुरेत. ख्रिस्तजन्माच्या दिवशी, १९०५ साली, सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली; तिच्या संस्थापकांत अझराया होते, जे १९१२ मध्ये दोर्नाकलचे बिशप झाले. माणसे भारतीय, पैसा भारतीय, व्यवस्था भारतीय हे त्या संस्थेचे सूत्र, आणि तो पैसा स्वतःच्या पाळकांसाठी नव्हे तर जेथे कोणी गेलेले नाही तेथे जाण्यासाठी होता. दुसरे नाव आपल्या घरचे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची वेतनी चाकरी सोडली आणि देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तशिष्य त्यात बसू शकत होते. उपदेशक आणि लोक यांच्यामध्ये वेतनाचे नाते आले की उपदेशाला मालक निर्माण होतो, हे त्या कृतीतून टिळकांनी जितक्या जोराने सांगितले तितके कोणत्याही ठरावाने सांगता आले नसते.

तथापि टिळकांच्या उदाहरणाची आपल्याकडे जी स्तुती होते ती मला अर्धवट वाटते. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्याने लक्षपूर्वक वाचली आहेत त्याला हे सांगावयास नको की, टिळकांच्या मोकळ्या हाताची भरपाई लक्ष्मीबाईंच्या संसाराने केली. देणाऱ्याच्या मागे उधारीचा हिशेब सांभाळणारी स्त्री उभी असते, ही गोष्ट आपल्या प्रवचनांतून सहसा येत नाही. पाळकास अर्धपोटी ठेवून मंडळी पवित्र होत नाही, आणि पाळकाने त्यागाच्या नावाखाली बायकामुलांस अर्धपोटी ठेवणे हेही पुण्य नव्हे. तेव्हा पैसा उभा करावा की नाही, हा आपला प्रश्नच नाही. तो उभा करावाच लागेल. कसा, एवढेच विचारावयाचे आहे.

आता आमच्याकडील रीतींकडे वळू. वर्षातील सर्वांत मोठी रक्कम कापणीच्या सणाच्या दिवशी जमते, आणि ती जमते लिलावातून. गोव्यात देवळांच्या उत्सवांत देवापुढे आलेल्या फळांचा, नारळांचा लिलाव होतो, त्यास पावणी म्हणतात. आमच्या मंडळीतही हाच शब्द रुळला आहे. उपासना आटोपली की वेदीपुढील जिन्नस बाहेर येतात: नारळ, भोपळा, केळीचा घड, तांदळाची पिशवी, एखादा कोंबडा, लोणच्याची बरणी, घरी केलेला केक. मंडळीतील सर्वांत विनोदी गृहस्थ पुकारा करण्यास उभे राहतात. पन्नास रुपयांचा नारळ पाचशेस जातो. घेणारा तोच नारळ मंडळीस परत देतो आणि तो पुन्हा पुकारला जातो. मुले ओरडत असतात, वर्षभर न बोललेली माणसे एकमेकांवर बोली चढवून हसतात. या दिवसासारखा आनंदाचा दुसरा दिवस आमच्या मंडळीच्या वर्षात नाही, हे कबूल केले पाहिजे. ज्यांना लिलाव म्हटला की मंदिरातील चौरंग उलथविण्याचा प्रसंग आठवतो त्यांनी हा आनंद पाहिलेला नाही, असेच मी म्हणेन.

शिवाय या रीतीत मुळात एक शहाणपण होते. ज्याच्याजवळ रोकड नाही पण परसात भोपळा आहे, त्याच्या भोपळ्यास लिलावाने रोकडीचे मोल येते. पिकविणारा एक, विकत घेणारा दुसरा, आणि दान दोघांचे. बलुत्यावर जगणाऱ्या मंडळीस रुपयांतले स्वावलंबन जमविण्याचा याहून सभ्य मार्ग सुचणे कठीण होते.

पण आज काय घडते ते पाहावे. आमच्या मंडळीत शेती असलेली घरे दोन-तीनच. बाकीच्यांनी वेदीपुढे ठेवलेला भोपळा वाळपईच्या बाजारातून आदल्या दिवशी विकत आणलेला असतो. म्हणजे रोकड देऊन भोपळा, आणि भोपळा देऊन पुन्हा रोकड. मधली पायरी उरली ती केवळ बोलीसाठी. आणि जेथे मूळचा अर्थ अजून उरला आहे, म्हणजे ज्या एखाद्या म्हाताऱ्या बाईने खरोखरच आपल्या परसातला घड आणला आहे, तेथे तो अर्थ पुकाऱ्यात हरवतो. पावणीत आणणाऱ्याचे नाव पुकारले जात नाही. घेणाऱ्याचे पुकारले जाते. त्या बाईचा घड सातशे रुपयांस गेला, तर टाळ्या सातशेवाल्यास पडतात. बोली लावू शकणारी चार-पाच घरे मधोमध उभी राहतात, उरलेली मंडळी भिंतीशी प्रेक्षक होऊन राहते. वर ज्या आनंदाचे वर्णन केले तो खरा आहे. मात्र तो आनंद करणारे आणि पाहणारे अशी मंडळीची दोन अंगे त्याच दिवशी पडतात.

अनुवादाच्या चौदाव्या अध्यायातील दशमांशाचा विधी या ठिकाणी ताडून पाहण्याजोगा आहे. दशमांशावर आपण प्रवचने पुष्कळ देतो, पण हा भाग त्यांत येत नाही. कारण तो आपल्या कामाचा नाही. तेथे इस्राएलाने आपल्या धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दहावा भाग परमेश्वराच्या निवडलेल्या स्थानी नेऊन स्वतः खावयाचा आहे, आपल्या घराण्यासह आणि आनंदाने. स्थान दूर असेल तर माल विकून पैसा गाठीस बांधावयाचा, आणि तेथे पोहोचल्यावर त्या पैशाने जिवास वाटेल ते घेऊन पुन्हा जेवणच करावयाचे (अनु. १४:२४-२६). गावातल्या लेव्यास विसरावयाचे नाही. आणि दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश तर लेवी, परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी वेशीच्या आत साठवून ठेवावयाचा. येथे पैसा हा प्रवासापुरता आहे. माल पैसा होतो तो वाटेत ओझे होऊ नये म्हणून, आणि शेवटी पैशाचे पुन्हा पंगतीत रूपांतर होते. आमच्या पावणीत नेमके उलटे आहे: पंगतीत जावयाचे ते पैशात जाते आणि तेथेच थांबते.

आपल्या शेजारीच याचे दुसरे उदाहरण आहे. गोव्यातील कॅथलिक गावांत ऑगस्टमध्ये कोणसाचे फेस्त होते. रायेस ५ तारखेला, ताळगावास २१ तारखेला. नव्या भाताची कणसे कापून ती आशीर्वादित करतात आणि घरोघर वाटतात. वेदीकडून घराकडे जाणारी ही दिशा मला महत्त्वाची वाटते. आमची कापणी घराकडून वेदीकडे जाते आणि तेथून खजिनदाराकडे.

पावणीपेक्षाही अवघड बाब यादीवाचनाची आहे. वर्षअखेरीस कोणी किती दिले याची यादी अनेक मंडळ्यांत वाचली जाते, आणि ती बहुधा रकमेच्या उतरत्या क्रमाने असते. तिचे समर्थन पारदर्शकपणाच्या नावाने केले जाते. जमाखर्च उघड असावा हे निर्विवाद. परंतु खर्च उघड करणे आणि देणारा उघड करणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली टाळण्यासाठी दुसरी केली जाते असेही पाहण्यात येते. यादी वाचली गेल्यानंतर एक कुटुंब तीन रविवार आले नाही. भेटीस गेलो तेव्हा त्या घरच्या बाई इतकेच म्हणाल्या, “पाळकसाहेब, आमचं नाव शेवटी येतं. पोरांना लाज वाटते.” प्रभूने दानधर्म करताना पुढे कर्णा वाजविण्यास मनाई केली ती दात्याच्या आत्म्याच्या हितासाठी, असेच आपण मत्तयाच्या सहाव्या अध्यायावर बोलताना सांगतो. ज्यास देता येत नाही त्याच्या कानांत तोच कर्णा कसा वाजतो, याकडे आपले लक्ष जात नाही. हल्ली दुकानांत पैसे जमा होताच रक्कम मोठ्याने सांगणारे यंत्र ठेवलेले असते. आपल्या देवालयांच्या दाराशी ते अजून आलेले नाही, पण यादीवाचन चालू असताना त्याची गरजही नाही.

विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट अशा वेळी मदतीस घेतली जाते. यरुशलेमेच्या मंदिरात कर्ण्याच्या आकाराची तेरा दानपात्रे असत, असे मिश्ना सांगते. त्यांपैकी एकात तिने आपली सगळी उपजीविका टाकली. तेव्हा तुम्हीही टाका, असा आपला उपदेश असतो. पण मार्काच्या रचनेत या प्रसंगाच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे, आणि लगेच नंतर त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे भाकीत आहे. अॅडिसन राइट या कॅथलिक अभ्यासकाने १९८२ मध्ये असा प्रश्न उभा केला की, प्रभूचे उद्गार ही स्तुती की विलाप? स्तुती मुळीच नाही, हे म्हणणे मला पटत नाही. तिच्या दानाला प्रभूने इतरांच्या दानाहून मोठे म्हटलेच आहे. मात्र पडावयाच्या इमारतीसाठी जिचे शेवटचे दोन टोले गेले, तिच्याकडे बोट दाखवून इमारत निधी गोळा करणे हे त्या उताऱ्याच्या संदर्भाशी इमान राखणारे नाही. प्रॉटेस्टंट म्हणविणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. १५१७ च्या वादाचे निमित्त रोमेतील सेंट पीटरच्या बांधकामासाठी चाललेली पापक्षमापत्रांची विक्री हेच होते. निधी उभारण्याच्या एका रीतीवरील टीकेतून आपला जन्म झाला आहे.

भोजनाच्या कूपनाविषयी थोडक्यात. निधीसाठी जेवण ठेवावयाचे आणि त्याची कूपने विकावयाची, ही पद्धत निरुपद्रवी दिसते. पण त्याच जेवणास आपण प्रीतिभोजन म्हणतो, तेव्हा १ करिंथ. ११ आठवले पाहिजे. करिंथात एक उपाशी तर दुसरा मस्त होता, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजविले जात होते. त्या पंगतीस प्रभूचे भोजन म्हणण्यास पौल तयार नाही. कूपन नसलेले घर त्या दिवशी काहीतरी निमित्त सांगून घरी राहते. आपण त्यास गैरहजेरी समजतो.

आता पौलाच्या वर्गणीकडे. आपल्या मराठी शास्त्रातील हा शब्द १ करिंथ. १६ मध्ये येतो. तेथे मूळ ग्रीक शब्द लोगेइया, अगदी व्यवहारातला. परंतु दुसऱ्या पत्राच्या आठव्या-नवव्या अध्यायांत पौल त्याच रकमेसाठी वेगळेच शब्द वापरतो: खारिस म्हणजे कृपा, कोइनोनिया म्हणजे सहभागिता, लेइतुर्गिया म्हणजे उपासनासेवा, युलोगिया म्हणजे आशीर्वाद. पैसा हा शब्द तो जवळजवळ टाळतो. याला कोणी चतुराई म्हणेल, आणि त्यात थोडे तथ्य आहे. मासेदोनियाच्या गरिबीचा दाखला देऊन करिंथकरांस हलविताना पौल काही भोळा नाही. तरीही दोन शब्द असे आहेत की त्यांनी आपल्या स्वावलंबनाची पूर्ण उलटतपासणी होते.

पहिला इसोतेस, समानता (८:१३-१४). एकाची विपुलता दुसऱ्याची उणीव भरून काढील, आणि वेळ आली तर उलटही होईल. मान्न्याचा दाखला देऊन पौल हे सांगतो. देणारा व घेणारा यांची स्थाने कायमची ठरलेली नाहीत, हे त्याचे गृहीत आहे. २०१२ पूर्वी आमच्याकडे जे घर यादीत वर होते ते २०१८ नंतर तळाशी गेले. यादी हे स्थित्यंतर अपमान म्हणून नोंदविते. इसोतेसच्या दृष्टीने ती मंडळीच्या सहभागितेची कसोटीची वेळ होती.

दुसरा शब्द औतार्केइया (९:८). स्तोइक तत्त्वज्ञांचा हा लाडका शब्द. आपल्यापुरते आपल्याजवळ असणे, कोणावर अवलंबून नसणे, हा त्याचा अर्थ. म्हणजे शब्दशः आपले स्वावलंबनच. पौल तो घेतो आणि त्याचे तोंड फिरवितो. देव तुम्हास पुरेसे देतो ते अशासाठी की प्रत्येक चांगल्या कामाकरिता तुमच्याकडून भरभरून बाहेर जावे. पुरेसेपणा हा तेथे साध्य नाही, साधन आहे. ही वर्गणी ज्यांनी दिली त्यांच्या पाळकाच्या वेतनासाठी ती नव्हती, इमारतीसाठीही नव्हती. शेकडो कोस दूरच्या, न पाहिलेल्या यरुशलेमेतील गरिबांसाठी होती. आणि यहूदी विश्वासणारे परराष्ट्रीयांचा पैसा स्वीकारतील की नाही, याची पौलास खात्री नव्हती. ती स्वीकारली जावी म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती तो रोमकरांस करतो (१५:३१). ज्या निधीचा हिशेब केवळ जमेवर संपतो त्याविषयी कोणी अशी प्रार्थना करीत नाही.

त्याच्या रीतीही पाहण्याजोग्या आहेत. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या घरी काही बाजूला ठेवावे, मी आल्यावर गोळा करू नये (१ करिंथ. १६:२). म्हणजे प्रेषिताच्या देखत चढाओढ नाही. रक्कम नेण्यास मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर, म्हणजे हिशेबाविषयी संशयास जागा नाही (२ करिंथ. ८:१९-२१). देणे खासगी आणि पोहोचविणे सार्वजनिक, असा हा क्रम आहे. आमच्याकडे देणे सार्वजनिक असते आणि पुढचा हिशेब दोघा-तिघांनाच ठाऊक असतो. रोलंड अॅलन यांनी १९१२ मध्ये पौलाच्या कार्यपद्धतीवर लिहिताना तो ज्यांना उपदेश करी त्यांच्याकडून घेत नसे, त्यांच्यासाठी पैसा आणीत नसे आणि प्रत्येक मंडळीचा पैसा तिच्याच हाती ठेवी, असे दाखविले आहे. त्यांत ही चौथी गोष्ट जोडण्यास हरकत नसावी.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पावणी बंद केली, यादी बंद केली, तर भाडे कशातून द्यावयाचे? यरुशलेमेच्या गरिबांची चिंता वाळपईच्या गरिबांनी का वाहावी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मासेदोनियाच्या मंडळ्यांनी देऊन ठेवले आहे. पहिल्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागेल. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, बदलीच्या व हंगामी नोकऱ्यांवर उभ्या असलेल्या मंडळीने स्वतःच्या इमारतीची घाई करू नये. भाड्याची खोली ही कमीपणाची गोष्ट नव्हे. पहिल्या शतकातील मंडळ्या घरांतच जमत. एक पाळक दोन-तीन मंडळ्यांत वाटून घेणे, किंवा पौलाने प्रिस्किल्ला व अक्विला यांच्याकडे तंबू शिवले तसे पाळकाने अर्धवेळ दुसरे काम करणे, यांतही हीनत्व नाही. मात्र हा निर्णय पाळकाच्या घरच्या माणसांस विचारून व्हावा.

मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून चालत आलेली एक रीत आमच्या पंचकमिटीपुढे ठेवली आहे. प्रत्येक वेळी भात शिजविताना घरची बाई एक मूठ तांदूळ बाजूला काढते. तो तांदूळ गोळा होऊन मंडळीच्या कार्यास जातो. त्यात श्रीमंत घराची मूठ आणि गरीब घराची मूठ सारखीच असते, आणि पोत्यात पडल्यावर कोणाचा दाणा कोणता हे सांगता येत नाही. पावणीचा नारळ ज्याच्या हाती जातो त्याच्या नावाचा होतो. पोत्यातल्या तांदळाला नाव नसते.

येत्या कापणीच्या सणास पावणी बंद करावी असा माझा आग्रह नाही. सूचना एवढीच आहे की, आलेल्या जिनसांतून आधी सर्वांसाठी विनाकूपन जेवण व्हावे, एक भाग सामुदायिक आरोग्य केंद्रातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जावा, आणि उरेल त्याचीच पावणी व्हावी, तीही पिकविणाऱ्याचे अथवा आणणाऱ्याचे नाव आधी घेऊन. यादीवाचन बंद करून त्याऐवजी वर्षभराचा संपूर्ण खर्च आणि मंडळीबाहेर गेलेली रक्कम भिंतीवर लावावी. पंचकमिटीतील एका ज्येष्ठ सभासदांनी हिशेब मांडून दाखविला की, असे केल्यास त्या दिवसाची जमा निम्म्यावर येईल व तीन महिन्यांचे भाडे अडेल. त्यांचा हिशेब बरोबर आहे. तांदळाचा डबा सहा घरांनी ठेवला आहे. भाड्याविषयी पुढील बैठकीत विचार व्हावयाचा आहे.